ह्यांची फिल्ड पोस्टिंग आली? मग घराची तयारी अशी करा

फिल्ड पोस्टिंग म्हणजे फौजेतल्या माणसाची सीमेकडे, कुटुंबाला बरोबर नेता येत नाही अशा ठिकाणी बदली. तिथून येणारा फोन चार-पाच मिनिटांचा असतो. कधी आठवड्यात तीनदा येतो, कधी १५-१५ दिवस येत नाही. माझ्या लग्नाला ११ वर्षं झाली आणि त्यात ह्यांच्या तीन फिल्ड पोस्टिंग झाल्या. पहिल्या वेळी त्या मिनिटांतली निम्मी मी गॅस कुठल्या नंबरवरून बुक होतो, विम्याची पावती कुठल्या कपाटात आहे, असल्या चौकशीत घालवली. त्याची रुखरुख अजून वाटते. दुसऱ्या वेळेपासून मी एकच गोष्ट धरून चालते: कागद, पैसे, दवाखाना, शेती हे सगळं त्या चार मिनिटांच्या बाहेर काढायचं. फोन आला की फक्त बोलायचं.

आमचं गाव निफाड तालुक्यात. मी दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन नाशिक रोडला जेल रोडवर भाड्याच्या घरात राहते. हे तोपखान्यात हवालदार आहेत. पुढचं सगळं नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुलींसाठी लिहिते आहे, आणि ज्यांचा मुलगा अग्निवीर म्हणून गेलाय त्या आईवडिलांसाठीही. अग्निवीराला चार वर्षांत लग्न करता येत नाही, त्यामुळे तिथे घर सांभाळणारे आईवडीलच.

जाण्याआधीचे तीन दिवस कागदांसाठी ठेवा

पोस्टिंगआधीची सुट्टी पाहुण्यांत आणि देवदर्शनात कधी संपते कळत नाही. वणीला जाऊन या, त्र्यंबकला जाऊन या, पण तीन दिवस कागदांसाठी बाजूला काढा, आणि ते सुट्टीच्या सुरुवातीचे काढा. शेवटच्या तीन दिवसांत कोणाचंच डोकं जागेवर नसतं.

सगळ्यात आधी पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डरने होते. ही नोंद नसेल तर फौजेच्या लेखी तुम्ही त्यांच्या कुटुंबात नसता. एमएचमध्ये म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये उपचार, डिपेंडंट कार्ड, पुढे पेन्शन, सगळं ह्या एका नोंदीवर उभं असतं. आईवडील त्यांच्यावर अवलंबून असतील तर त्यांचीही नोंद झाली आहे का, ते बघा.

नोंद आहे एवढ्यावर थांबू नका, नावाचं स्पेलिंग वाचा. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. माझ्या आधारवर सासरचं नाव होतं, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, आणि फौजेच्या नोंदीत पहिलं नाव बरोबर पण स्पेलिंग तिसरंच. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात हे उघडकीला आलं. हे तेव्हा वर पोस्टवर, म्हणजे चौकीवर. मी पोट घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरले, प्रतिज्ञापत्र केलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत रोज धास्ती की कळा आधी सुरू झाल्या तर काय. दुरुस्तीचा अर्ज शेवटी ह्यांच्या सहीनेच लागतो. म्हणून आधार, पॅन, बँक आणि फौजेची नोंद, चारही ठिकाणी अक्षरन्‌अक्षर जुळतंय का, हे ते घरी असतानाच टेबलावर सगळं मांडून दोघांनी मिळून बघा.

मुलांना केंद्रीय विद्यालयात घालायचं असेल, आणि नाशिक रोड व देवळाली दोन्हीकडे ती आहेत, तर युनिटचं सर्व्हिस सर्टिफिकेट लागतं. त्यावर गेल्या काही वर्षांतल्या बदल्या लिहिलेल्या असतात आणि प्रवेशात त्यांचा फायदा होतो. पहिलीचे प्रवेश उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होतात. कागद आधीच मागवून ठेवा.

घर कुठे करायचं हाही प्रश्न असतो. फिल्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी छावण्यांमध्ये वेगळी क्वार्टर असतात, त्यांना एसएफए म्हणतात. अर्ज जरूर करा, पण नंबर लागेपर्यंत दुसरी सोय हवी. क्वार्टर मिळालं नाही तर माझा सल्ला असा की घर एमएचपासून आणि शाळेपासून रिक्षाच्या टप्प्यात बघा. भाडं हजार-दोन हजार जास्त पडलं तरी चालेल. रात्री दोन वाजता मुलाला ताप चढला की ते पैसे वसूल होतात.

ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो?

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. घरातली अर्धी कामं आता ओटीपीवर चालतात, आणि तो ओटीपी ह्यांच्या मोबाईलवर जातो. तो मोबाईल एखाद्या डोंगरावर पेटीत बंद पडलेला असतो.

एक कागद घ्या आणि ज्या-ज्या ठिकाणी मोबाईल नंबर दिलाय ती यादी करा. बँक, गॅस, महावितरणचं बिल, मुलांची शाळा, विमा, गाडीचा फास्टॅग, आयकर, सातबाऱ्याची आणि पीक पाहणीची कामं. जिथे बदलता येईल तिथे घरी राहणारा नंबर द्या. ह्यांच्या स्वतःच्या आधारला आणि पगाराच्या खात्याला त्यांचाच नंबर राहू द्या, ते बदलू नका. मात्र घरखर्चासाठी दोघांच्या नावाचं वेगळं खातं काढा. खातं उघडताना ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असा पर्याय घ्या, म्हणजे एकीच्या सहीने पैसे निघतात. पगार जमा झाला की ठरलेली रक्कम आपोआप ह्या खात्यात यावी, अशी सूचना बँकेला देऊन ठेवता येते. मी रक्कम ठरवताना एका महिन्याचा खर्च धरला आणि वर चौथा हिस्सा जास्त घेतला. घरात आजारपण आणि पाहुणे सांगून येत नाहीत.

गॅस कनेक्शन त्यांच्या नावावर असेल तर केवायसीसाठी त्यांचाच अंगठा किंवा चेहरा लागतो. सुट्टीत पहिल्याच आठवड्यात ते काम उरका. आयकराच्या विवरणाची मुदत साधारण जुलैअखेर असते आणि तेव्हा हे वर असले तर ओटीपीवाचून सगळं अडतं. भरून देणाऱ्या माणसाशी आधी बोलून ठेवा.

एटीएमचा पिन, कॅन्टीन कार्डाचा पिन, लॉकरची चावी हे तुम्हाला माहीत हवं. ‘बायकोला कशाला त्रास’ असं म्हणणारे नवरे मी पाहिले आहेत. त्रास ते गेल्यावर होतो.

वारसाची नोंद, म्हणजे नॉमिनेशन, ह्या विषयावर घरात कोणाला बोलायला नको असतं. सासूबाई उठून आत निघून जातात. तरी आर्मी ग्रुप इन्शुरन्स, भविष्य निर्वाह निधी आणि बँक, तिन्ही ठिकाणी कोणाचं नाव आहे हे विचारा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव असतं आणि ते तसंच राहून जातं. कोणाचं किती हे घरात उघड बोलून ठरवा. एकदा अर्ध्या तासाचं अवघड बोलणं झालं की तो विषय परत काढावा लागत नाही.

शेती, बांध आणि कोर्ट

नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक जवानांच्या घरी थोडीफार शेती असते. द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कोणाला विचारून थांबत नाही. मजुरांचे पैसे कोणी द्यायचे, माल कोणाला द्यायचा, कांदा चाळीत भरायचा की लासलगावला न्यायचा, हे दीर किंवा सासरे ठरवणार असतील तर तसं ते असतानाच सगळ्यांसमोर बोलून घ्या. जमिनीचा व्यवहार किंवा नोंदणी होणार असेल तर मुखत्यारपत्र लागेल. त्यात नेमकं काम आणि जमिनीचा नेमका गट नंबर घाला. सगळे अधिकार एका कागदावर कोणालाही देऊ नका, सख्खा भाऊ असला तरी. भाऊ वाईट म्हणून नव्हे. पुढे पोरांमध्ये वाद लागू नये म्हणून.

बांधावरून भांडण निघालं तर एकटीने तोंड देऊ नका. जवान आपली तक्रार युनिटमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे पाठवू शकतो. नाशिकला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे माजी सैनिकांबरोबर सेवेतल्या जवानांच्या कुटुंबांचेही अर्ज घेतात. दावा कोर्टात गेलाच तर दोन गोष्टी वकिलाला आठवण करून द्या. सैनिक विशिष्ट परिस्थितीत सेवेवर असताना त्याच्या पाठीमागे निकाल लागू नये म्हणून १९२५ चा भारतीय सैनिक (वादविषयक) कायदा आहे, आणि सुट्टी मिळत नसेल तर आपल्या वतीने दावा चालवायला दुसऱ्या माणसाला लेखी अधिकार देण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. त्या कागदावर सही त्यांच्या कमांडिंग ऑफिसरसमोर होते.

कपाटाच्या आतल्या बाजूचा कागद

एका कागदावर मोठ्या अक्षरात त्यांचा आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव, युनिट आणि टपालाचा पत्ता लिहा. खाली युनिटमधल्या दोन माणसांचे नंबर: आमच्याकडे बॅटरी (तोपखान्यातली तुकडी) हवालदार मेजर आणि सुभेदार मेजर साहेब. त्याखाली एमएच, घरमालक, रक्तगट, आणि ११२ व १०८. हा कागद कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. भिंतीवर नको, येणारा-जाणारा वाचतो.

घरात मोठा प्रसंग आला तर ह्यांच्या मोबाईलवर पन्नास वेळा फोन लावत बसू नका. युनिटच्या नंबरवर फोन करा, नंबर-रँक-नाव सांगा, काय झालंय ते दोन वाक्यांत सांगा. निरोप पोस्टपर्यंत पोहोचवायची वाट त्यांच्याकडे असते. तातडीच्या सुट्टीसाठी डॉक्टरांचा लेखी कागद मागतात, तो फोटो काढून लगेच पाठवा. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा असते, अग्निवीराला एकूण ३० दिवस. रजा हातात असली तरी खाली उतरायला रस्ता आणि हवामान लागतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आधीच समजावून ठेवा.

चार मिनिटं

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. ह्यांना सांगायचं ते डावीकडच्या पानावर, विचारायचं ते उजवीकडे. फोन आला की उजवीकडच्या फक्त दोन गोष्टी विचारायच्या. बाकीचं डावीकडचं. थोरल्याचा दात पडला, शेजारच्या गल्लीत नवीन चक्की आली, सासूबाईंनी पहिल्यांदा रीलवर रेसिपी बघून ढोकळा केला. ह्यांना तेच ऐकायचं असतं. तिकडे त्यांना दिवसभर हुकूम आणि हिशोबच ऐकायला मिळतात.

वाईट बातमी सांगायची की नाही, ह्यावर घराघरांत वेगळं मत असतं. आमच्याकडे दुसऱ्या पोस्टिंगच्या वेळी सासरे दवाखान्यात होते आणि सगळ्यांनी ठरवलं, ह्यांना काही कळू द्यायचं नाही. चौथ्या दिवशी गावातल्या कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून त्यांना कळलं. सासरे बरे होऊन घरी आले, पण ह्यांचा माझ्यावरचा भरवसा जागेवर यायला दोन महिने लागले. ‘सगळं ठीक आहे’ असं मी म्हटलं की ते गप्प व्हायचे. त्यानंतर आम्ही ठरवून टाकलं: सर्दी-ताप, भांडण, तुटलेला नळ हे निस्तरल्यावर सांगायचं. दवाखान्यात दाखल करावं लागलं तर त्याच दिवशी सांगायचं, डॉक्टर काय म्हणाले आणि आपण काय केलं ह्यासकट. तुमचा नियम वेगळा असू शकेल. तो जाण्याआधी ठरवा.

आणि फोन न येण्याचा अर्थ काय, हेही. आमच्यात ठरलंय की फोन नाही म्हणजे रेंज नाही किंवा ड्युटी आहे. रात्री तीन वाजता मला हे वाक्य स्वतःला मोठ्याने म्हणून दाखवावं लागतं, पण ते ह्यांच्याच तोंडचं असल्यामुळे उपयोगी पडतं.

टीव्ही बंद करायला शिका

मे २०२५ चे ते दिवस मी विसरणार नाही. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली. त्याच दिवशी नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल ठरली होती आणि यादीत नाशिक, मनमाड, सिन्नर ही आपली नावं होती. हे तेव्हा पश्चिम सीमेकडे. शस्त्रसंधी १० मेच्या संध्याकाळी जाहीर झाली, पण पहिले दोन दिवस आमच्या घरात टीव्ही अखंड चालू होता. अमुक शहर पडलं, तमुक ठिकाणी हल्ला झाला, असं रात्रभर ओरडून सांगितलं गेलं आणि त्यातलं बरंच सकाळी खोटं निघालं. थोरला तेव्हा आठ वर्षांचा. तो जेवेना. तिसऱ्या दिवशी मी वायर काढून कपाटात ठेवली.

तेव्हापासून असा नियम आहे: सकाळी एकदा वर्तमानपत्र, संध्याकाळी सातला आकाशवाणीच्या बातम्या, बस. काही बरंवाईट झालंच तर ते युनिटकडून घरच्यांना कळवलं जातं, टीव्हीवरच्या लाल पट्टीवरून नाही. नातेवाइकांचे ‘काही कळलं का?’ असे फोन ह्या काळात दहापट वाढतात. प्रत्येकाला उत्तर देत बसलात तर तुमचाच धीर सुटतो. मी दिराला सांगून ठेवलंय, सगळ्यांनी त्यालाच विचारायचं.

देवळालीच्या बाजूला राहणाऱ्या नव्या मुलींसाठी एक सांगते. तिथे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे आणि रेंजवर तोफांचा सराव चालतो. धडाका झाला की खिडक्या थरथरतात. ज्यांचं माणूस सीमेवर आहे त्यांच्या पोटात अशा वेळी गोळा येतो. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की हा सरावाचा आवाज आहे, बाबाही इथेच शिकले.

काय बोलायचं नाही

ते कुठे आहेत, कधी निघणार, सुट्टी कधी, बरोबर कोण आहे, हे कुठेही लिहायचं नाही. स्टेटसवर वर्दीतला फोटो नाही, पोस्टवरून आलेला बर्फाचा फोटो तर मुळीच नाही. जुलै २०२० मध्ये फौजेने जवानांना ८९ अ‍ॅप मोबाईलमधून काढायला लावली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. ती खबरदारी घरच्यांनीही समजून घ्यायला हवी, कारण माहिती बऱ्याचदा घरातूनच बाहेर जाते. ‘मी हेडक्वार्टरमधून बोलतोय, साहेबांच्या खात्याची माहिती द्या’ असा गोड बोलणारा फोन आला तर ठेवून द्या आणि कपाटावरच्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

भाजीवालीने, शेजारणीने विचारलं तर मी म्हणते, ‘ड्युटीवर आहेत, मजेत आहेत.’ घरात पुरुष नाही, हे अनोळखी माणसाला कधी कळू देत नाही.

खाऊचा डबा

पार्सल पोस्टातूनच जातं, कारण एपीओच्या म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिसच्या पत्त्यावर खासगी कुरिअर पोहोचत नाही. पश्चिम-उत्तरेकडच्या युनिटांना मार्फत ५६ एपीओ, पूर्वेकडच्यांना ९९ एपीओ, आणि पिनकोड ९ ने सुरू होणारा. गावाचं नाव पत्त्यात लिहायचं नाही. शेंगदाण्याची कोरडी चटणी, चिवडा, मेथीचे लाडू, आपल्याकडचे बेदाणे हे टिकतं. तेल सुटणारं काही नको. राखी महिनाभर आधी टाका. आणि डब्यात चिठ्ठी घाला, मुलांच्या हाताची. फोनचा आवाज विरून जातो, चिठ्ठी खिशात राहते. ह्यांच्या ट्रंकेत पहिल्या पोस्टिंगची चित्रं अजून आहेत.

सण

पहिल्या दिवाळीला पाडव्याच्या संध्याकाळी मी ह्यांच्या फोटोसमोर निरांजन घेऊन उभी राहिले. सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. हयात माणसाच्या फोटोला ओवाळू नये, म्हणाल्या. दोघी रडलो. मग त्यांनीच तोड काढली: आपला पाडवा तो घरी येईल त्या दिवशी. आमच्या घरात तेव्हापासून तसंच चालतं. एकदा आमचा पाडवा मार्चमध्ये झाला, द्राक्षं तोडणीला आलेली असताना. मुलांना त्यात काहीच वेगळं वाटत नाही.

बाकी सण मात्र वेळेवर आणि पूर्ण करा. रंगपंचमीला आम्ही मुलांना जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, बघायला नेतो. बाबा नाहीत म्हणून घरात सुतक पाळल्यासारखं वागलं तर मुलं बाबांच्या नोकरीवरच रागावतात.

स्वतःचं काय

कामाला जात असाल तर सोडू नका. जात नसाल तर घराबाहेर पडायचं एखादं ठरलेलं कारण शोधा. मी शिवणाचा क्लास लावला होता, आता घरी ब्लाउज शिवते. आवा म्हणजे आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशनच्या कार्यक्रमांना नव्या मुली बुजून जात नाहीत. एकदा जाऊन बघा. तिथे तुमच्यासारखीच एखादी जेल रोडची, विहितगावची भेटते, आणि रात्री दवाखान्यात जायची वेळ आली की तीच मुलांजवळ येऊन झोपते.

दोन आठवडे सलग झोप लागली नाही, जेवण जाईना, मुलांवर हात उठायला लागला, तर ते अंगावर काढू नका. १४४१६ वर टेलिमानसची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. तिसऱ्या पोस्टिंगला मी तिथे दोनदा फोन केला. ह्यांना तो निस्तरल्यावर सांगितला, आमच्या नियमाप्रमाणे.

कालनिर्णयवर दिवस खोडत बसू नका, एवढं ऐका. सुट्टीची तारीख पुढे जाते आणि खोडलेले दिवस अंगावर येतात. मी कॅलेंडरच्या मागे दुधाचा हिशोब लिहिते आणि त्याच्या शेजारी त्या महिन्यात एकटीने पार पाडलेली कामं.

घरी येतात तेव्हा

जम्मूकडून येणारे आपल्याकडचे पुष्कळ जण झेलम एक्स्प्रेसने मनमाडला उतरतात. स्टेशनवर सगळं गाव नेऊ नका. दारात भाकरतुकडा ओवाळून टाका, आंघोळीला गरम पाणी द्या, आणि पहिले दोन दिवस कोणालाही जेवायला बोलावू नका. ते जास्त झोपतील किंवा अजिबात झोपणार नाहीत. जोरात दार आपटलं तर दचकतील. धाकटा वर्षभराने बघत असेल तर लगेच जवळ जाणार नाही. त्याला ढकलू नका, ह्यांना वाईट वाटेल तेही बोलून दाखवू नका. आमचा धाकटा चौथ्या दिवशी स्वतःहून बुटाची लेस बांधायला त्यांच्याकडे गेला.

घराची घडी तुमच्या हाताने बसलेली असते. ते आल्याबरोबर डब्यांच्या जागा बदलायला लागतात, मुलांना वेगळी शिस्त लावतात, आणि तुम्हाला राग येतो. येऊ द्या, पण आठवडाभर थांबा. मग एका दुपारी मुलं शाळेत गेल्यावर वही आणि ओटीपीची यादी घेऊन दोघं बसा. झालेलं खोडा, राहिलेलं वाटून घ्या. गॅसची केवायसी आमची ह्या सुट्टीतही राहिलीच होती. परवा ते स्वतः रांगेत उभे राहून करून आले.